पंख्याचं तोंड

काका कुठल्याही खोलीत एकदम शिरत नसत. आधी दारात थांबायचे, डावा हात उलटा करून जरा पुढे धरायचे आणि तसेच उभे राहायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा काहीतरी मागून राहिला आहे. एकदा एका क्लाएंटने त्यांच्या हातात खरोखरच व्हिजिटिंग कार्ड ठेवलं. काकांनी ते खिशात घातलं आणि म्हणाले, “खिडकीतून येते आहे, पण जायला जागा नाही.” ते हवेबद्दल बोलत होते. बहुतेक वेळा ते हवेबद्दलच बोलायचे.

मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काम केलं, आणि शेवटी त्यांच्याशी असं वागले की आजही भाजी चिरताना मध्येच आठवतं आणि सुरी थांबते. माझ्यामुळे एका माणसाचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा गेला. तो त्यांना परत मिळेल असं एक वाक्य माझ्याजवळ होतं आणि ते मी पाच वर्षं तोंडात दाबून ठेवलं. ते सगळं सांगणारच आहे. लपवायचं असतं तर लिहायला बसले नसते. पण आधी माणूस कळायला पाहिजे, नाहीतर माझी लबाडी किती मोठी होती ते कसं कळणार.

आमचं ऑफिस इंदूरला, पलासियात, दुसऱ्या मजल्यावर. खाली दाताचा दवाखाना, वर कोचिंग क्लास, आणि मध्ये आम्ही पाच जण, सरांना धरून. धंदा असा की बिल्डरची जी बिल्डिंग अजून नुसता खड्डा आहे तिची फिल्म बनवायची. बाल्कनीत तुळस ठेवायची, स्विमिंग पूलमध्ये पोरं सोडायची, लॉबीत सोफा टाकायचा, सगळं कॉम्प्युटरवर. मग एकदा बटण दाबलं की मशीन एकेक चित्र रंगवत बसायचं, कधी दहा तास, कधी तीस. त्याला आम्ही रेंडर म्हणायचो. रेंडरला बसलेलं मशीन असं तापतं की त्याच्यामागे हात धरला तर थंडीत बरं वाटावं. फार तापलं की ते आपलं आपण बंद पडतं आणि सगळं काम पाण्यात. मे महिन्यात हे आमचं रोजचं रडगाणं होतं.

काका आले ते खरं तर पॅन्ट्रीत एग्झॉस्ट फॅन बसवायला. तेव्हा ते सियागंजातल्या एका कूलर-मोटरच्या दुकानात काम करायचे. त्या दिवशी मी माझ्या कॉम्प्युटरचं झाकण काढून, समोर स्टुलावर टेबल फॅन ठेवून, मोठ्या ऐटीत काम करत बसले होते. काका शिडीवरून उतरले, माझ्या टेबलाजवळ आले आणि कोणी मेल्यासारखा चेहरा करून विचारलं, “हे कोणी केलं?”

“मी.”

“का?”

“गरम होतं ना, काका.”

“बेटा, घर गरम होतं म्हणून अपन भिंत पाडतो का?”

मग त्यांनी मला न विचारता झाकण लावलं. मागचा एक पंखा काढला, उलटा करून बसवला. म्हणाले, डब्यात हवेला वाट असते, एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. तू झाकण काढलंस, म्हणजे वाटच पुसलीस. हवा आता नुसती हिंडते आहे, काम करत नाही. अर्ध्या तासात मशीनचा घुरघुराट कमी झाला. सर केबिनमधून बाहेर आले, आवाज का बंद झाला म्हणून घाबरून. त्यांनी काकांना चहा पाजला आणि पुढच्या महिन्यापासून काका आमच्याकडेच.

त्यांचे वडील महूला फौजेत होते. काका मात्र तरुणपणी इथल्या एका कापड मिलमध्ये लागले, हवा ओली ठेवायच्या खात्यात. असं खातं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, फार ओली झाली की चिकटतं. म्हणून मोठमोठे ब्लोअर, पाण्याचे फवारे, छतातून जाणारे हवेचे बोगदे, आणि त्या बोगद्यांतून टॉर्च घेऊन रांगत जाणारे काका. “लोक म्हणतात मिल कापसावर चालते,” ते म्हणायचे. “काय नाही. हवेवर चालायची.” मिल बंद पडली त्या दिवसाबद्दल मी विचारलं होतं. म्हणाले, भोंग्याचं मला काही वाटलं नाही, पण ब्लोअर थांबला तेव्हा कान दुखायला लागले.

मिलमधून त्यांनी एकच गोष्ट आणली होती. लाकडी पाटीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या पायाला ओली वात, हवेतली ओल मोजायला. ती त्यांनी माझ्या टेबलामागे टांगली. रोज सकाळी वातीला पाणी घालायचे, दोन्ही आकडे वाचायचे, मग चारही मशीनचं तापमान बघायचे आणि लांबट रजिस्टरात लिहायचे. सुट्टीनंतर आले की मधल्या रकान्यांत ‘मी नव्हतो’ असं लिहायचे. कुणी ते रजिस्टर बघत नसे. मी एकदा म्हटलं, काका, हे वाचणार कोण? म्हणाले, “वाचायला नाही लिहीत. लिहिलं की बघावं लागतं.”

आता अगरबत्तीचं. कुठल्याही मशीनमध्ये एक पंखा जरी हलवला तरी काका त्याला अगरबत्ती ओवाळल्याशिवाय सोडत नसत. म्हणजे पूजा नाही. डब्याची एक बाजू काचेची असायची. काका पुढच्या जाळीजवळ पेटती अगरबत्ती धरायचे आणि काचेला नाक लावून बघायचे. धूर आत ओढला गेला पाहिजे, ग्राफिक्स कार्डाखालून वर चढला पाहिजे आणि मागून, वरून बाहेर पडला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात धूर गोल गोल फिरायला लागला की त्यांच्या कपाळाला आठ्या. “बघ, इथे बसून राहिला आहे. याला कोणी उठवतच नाही.” मग मार्करने काचेवर बाण काढायचे आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. वासाचं त्यांना काही नव्हतं. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात धूर करणारी अगरबत्ती हवी. काकू कुरकुर करायच्या, संध्याकाळी बुद्धवंदनेला बसावं तर पुडा रिकामा. काकांचं उत्तर ठरलेलं होतं, की भगवंताचा काही तक्रारीचा स्वभाव नाही.

मला त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते पंख्याचं तोंड ओळखायला. पंखा हातात दिला आणि विचारलं, याचं तोंड कुठे? मी चक्क दिसायला छान ती बाजू दाखवली. सगळे तेच करतात. खरं म्हणजे पंखा ज्या बाजूने मोकळा दिसतो तिकडून हवा ओढतो, आणि जिकडे मोटर धरायला आडव्या पट्ट्या असतात तिकडून फेकतो. पट्ट्यांची बाजू दिसायला ओबडधोबड, म्हणून लोक ती लपवतात आणि पंखा उलटा बसतो. पुढे महिनाभर काका येता-जाता मला पकडायचे. छतातल्या एग्झॉस्टकडे बोट, “तोंड कुठे?” दवाखान्याच्या एसीकडे बोट, “तोंड कुठे?” एकदा चहाच्या टपरीवर एका गाईकडे बोट केलं. मी म्हटलं, काका, आता बस.

यावरून सरांशी त्यांचं कायम वाजायचं. सरांना रंगीत दिव्यांचे पंखे हवे असायचे आणि त्यांची देखणी बाजू काचेतून दिसायला हवी असायची. “काकाजी, थोड़ा लुक भी देखो ना, क्लाइंट आता है.” काका हसायचे. “सर, क्लाइंट को तो बिल्डिंग दिखानी है ना? ये तो बारात हो गई.” आणि सर घरी गेले की दिव्यांची तार हळूच काढून ठेवायचे. सकाळी सर विचारायचे, दिवे का लागत नाहीत. काका म्हणायचे, देखता हूँ. ते देखता हूँ चार वर्षं चाललं.

आमच्या घरी जेवायला आले तेव्हा आईने मोठ्या हौसेने सांगितलं की आमचे पणजोबा दरबारात कारकून होते. आलेल्या प्रत्येकाला हे ऐकवल्याशिवाय आमच्याकडे पान वाढत नाहीत. काकांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे पंखा ढाळणारे की ढाळून घेणारे?” आईने हातातला डाव खाली ठेवला. मग जेवण झाल्यावर त्यांनी आमचा फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि त्याच्यामागची जाळी पुसून दिली. बर्फ लवकर जमायला लागल्यावर आईने त्यांना माफ केलं.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न अन्नपूर्णा भागातल्या एका हॉलमध्ये होतं, ऐन वैशाखात. हॉलवाल्याने सहा मोठे कूलर लावले होते आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद. आत नुसतं चिकचिक. नवरीचा मेकअप ओघळायला लागला. काका पाहुणे म्हणून आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आहेराचं पाकीट. दारात थांबले, हात उलटा धरला, आणि मला कळलं की आता काही खरं नाही. पाच मिनिटांत माझे सख्खे काका आणि हे काका यांची जुंपली. आमचे काका म्हणत, थंडी बाहेर जाईल. हे म्हणत, अहो, कूलर हवा आत ढकलून राहिला आहे, ती जाणार कुठे, पाहुण्यांच्या अंगावरच बसणार ना. शेवटी भटजींनाच असह्य झालं आणि त्यांनी मंगलाष्टकांच्या आधी समोरच्या दोन खिडक्या उघडायला लावल्या. सगळ्या हॉलने श्वास सोडला. आमचे काका अजूनही म्हणतात की ते तसंही थंड होणारच होतं.

असे दिवस होते. दुपारी रेंडर लावून आम्ही दोघं खिडकीशी डबा खायचो, मशीनपासून दूर, कारण त्यावर शेव सांडली तर काका बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे. मला त्या बघण्याची भीती वाटायची, आणि आता त्याचीच आठवण येते. वडिलांनी मला कधी काही हाताने करायला शिकवलं नाही. काकांनी शिकवलं. स्क्रू आधी सैल चारही लावायचे, मग आवळायचे. तार कधी हवेच्या वाटेत आडवी येऊ द्यायची नाही. हे मला कुठल्याही कॉलेजपेक्षा जास्त कामाला आलं.

मग आमच्याकडे मोठं मशीन आलं. त्यात पाण्याचं कूलिंग होतं. मोटारीत असतो तसाच, फक्त चपटा, रेडिएटर. प्रोसेसरची गरमी पाणी घेतं, नळीतून रेडिएटरकडे नेतं, आणि रेडिएटरचे पंखे ती हवेत सोडतात. वाद झाला तो रेडिएटर कुठे बसवायचा यावर. दुकानवाला म्हणाला पुढे, तिथे ताजी हवा लागते. काका म्हणाले वर. पुढे बसवला तर प्रोसेसर थंड राहील, पण त्याची सगळी गरमी आतल्या ग्राफिक्स कार्डावर जाईल, आणि आमचं रेंडर तर कार्डच करतं. “जो सगळ्यात जास्त राबतो त्याच्या तोंडावर दुसऱ्याची गरमी सोडायची? हे काय वागणं झालं?” दुकानवाला चिडला. सर मध्ये पडले. “ठीक है काकाजी, पर ज़िम्मेदारी आपकी.” काका म्हणाले, “हौ. मेरी.” रेडिएटर वर गेला, गरम हवा छताकडे सोडणारा. पुढचे तीन पंखे आत ओढणारे. मागचा एक बाहेर फेकणारा. बोर्डावर जागा एकच होती म्हणून पुढच्या तिन्ही पंख्यांच्या तारा काकांनी स्वतःच्या हाताने एका पिनवर आणल्या. मशीन असं चाललं की सरांनी दुकानवाल्याला मुद्दाम बोलावून दाखवलं.

आमच्या इंदूरला होळीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, मशीनने गुलाल असा उडवतात की चार मजल्यांवरची माणसं गुलाबी होतात, आणि शहराला सुट्टी. पलासिया तसं लांब, पण वरच्या कोचिंगची पोरं गच्चीवरून पोतीच्या पोती उधळायची. मोठं मशीन आलं त्या वर्षी सुट्टीनंतर बघितलं तर रेडिएटरच्या पात्यांत गुलाल ठासून भरलेला. काकांनी दोन दिवस उकिडवं बसून, दाढीच्या ब्रशने, एकेक फट साफ केली. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते. उठताना टेबलाला धरायचे.

पुढच्या वर्षी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी एका बिल्डरला आमची फिल्म बघायची होती. रेंडर सुट्टीच्या दिवशी चालू राहणं भाग होतं. काकांना महूला भावाकडे जायचं होतं, पण त्यांचा पाय निघेना. मीच म्हटलं, जा हो, मी आहे ना. त्यांनी सगळं बजावलं. खिडक्या बंद, दाराखाली ओला टॉवेल, आणि डब्याला हात लावायचा नाही. “थोडा रंग गेला आत, तर जाऊ दे. मी काढीन नंतर.”

ते गेले आणि मला ते दाढीच्या ब्रशचे दोन दिवस आठवले. वाटलं, म्हाताऱ्याचे कष्ट वाचवावे. पुढचे पंखे आत ओढतात म्हणून रंग आत जातो. तेच उलटे केले, बाहेर फेकायला लावले, तर रंग आत येईलच कसा? तिन्ही पंखे काढले, फिरवले, पुन्हा बसवले. बारा स्क्रू. आधी सैल, मग आवळले. अगरबत्ती लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं की आता चारी बाजूंनी हवा बाहेरच जाते आहे आणि आत यायला वाटच नाही. नाही लावली. घाई होती, आणि खरं सांगायचं तर मला शहाणपण चढलं होतं. रेंडर चालू केलं आणि रंग खेळायला घरी गेले.

सुट्टीनंतर सकाळी आठला पहिली मीच पोचले. केस अजून गुलाबी. मशीन बंद. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. डब्यावर हात ठेवला तर काच अजून कोमट होती. मी काय केलं ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. सरांना फोन करायला पाहिजे होता. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तिन्ही पंखे पुन्हा होते तसे बसवले. एकही स्क्रू हातून पडला नाही. चांगलं शिकवलं होतं त्यांनी.

काका महूच्या बसमधून उतरून थेट आले, खांद्याला पिशवी तशीच. सर ओरडत होते. काकांनी कुणाशी न बोलता झाकण काढलं. कार्ड गेलं होतं. मग ते जमिनीवर बसले आणि टॉर्च लावून आत बघत राहिले. खूप वेळ. शेवटी म्हणाले, “पुढची जाळी साफ आहे. रंग मागच्या फटींतून आत आला आहे. म्हणजे हवा मागून आली.” मग माझ्याकडे वळले. “बेटा, तू सकाळी आलीस तेव्हा पुढचे पंखे फिरून राहिले होते का?”

मी म्हटलं, “सगळं बंदच होतं, काका.”

हे वाक्य खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज निघालं.

त्यांनी मान हलवली. पुढच्या तीन पंख्यांची पिन बोटात धरून बघितली, जरा हलवली. “मग हीच सुटली असेल,” म्हणाले. “पुढचे थांबले, वरचे ओढत राहिले, म्हणून मागून आली. माझ्याच हातची आहे.” सर म्हणाले, “काकाजी, आपकी अगरबत्ती ने तो मरवा दिया.” काकांनी झाकण परत लावलं. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. माझी नोकरी गेली असती कदाचित. कदाचित गेलीही नसती.

बिल्डर दुसरीकडे गेला. मशीनं बघायला बाहेरचा माणूस ठरवला गेला, आणि काकांना सांगितलं, आप पानी और एसी देख लो. पंधरा दिवस त्यांनी पाणी आणि एसी बघितलं. मशीनजवळ आले तर हात पाठीमागे बांधून. रजिस्टर लिहिलं नाही. नंतर यायचे बंद झाले. मी फोन करीन, करीन म्हणत राहिले. जितके दिवस जातात तितका फोन जड होतो. मी नोकरी बदलली. लोकांना पंख्याचं तोंड ओळखायला शिकवायला लागले आणि कुणाकडून शिकले ते सांगायची टाळाटाळ करायला लागले.

मागच्या उन्हाळ्यात अन्नपूर्णाच्या भाजीबाजारात काकू भेटल्या. मला बघून इतक्या खूश झाल्या की मलाच लाज वाटली. काका कसे आहेत विचारलं. “तब्येत बरी आहे गं. पण कशाला हातच लावत नाहीत. आधी अख्ख्या मोहल्ल्याचे कूलर हेच करायचे. आता घरातला बल्ब गेला तरी माणूस बोलावतात. मी म्हटलं, अहो, बल्ब तर लावा. म्हणतात, माझ्या हातचं सुटतं.”

मी भेंडीची पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. त्या काय काय बोलत होत्या, मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्याच मागोमाग घरी गेले. दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं तर मी पुन्हा गेले नसते, माझी मला खात्री होती.

काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. वाळले होते. वर छताचा पंखा अगदी हळू फिरत होता, रेग्युलेटर बिघडला होता आणि काकूंनी चार दिवसांपासून इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं होतं. खोलीत उकाडा मावत नव्हता. “अरे, तू,” काका म्हणाले. “बस बस. अगं, पाणी दे हिला.”

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. पिन सुटली नव्हती, काका. मी पंखे उलटे केले होते, रंग आत जाऊ नये म्हणून. सकाळी तुमच्या आधी येऊन परत सुलटे केले.

काकू पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबल्या.

काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. एखादं मशीन उघडल्यावर बघायचे तसे. “तिन्ही?” त्यांनी विचारलं.

“तिन्ही.”

“वरचे तसेच होते? मागचा?”

“तसेच.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला दिसत होतं, ते तो डबा मनातल्या मनात पुन्हा जुळवत होते, पंखा पंखा. मग डोळे उघडले. “मग मागच्या फटींशिवाय येणार कुठून,” म्हणाले. “बरोबर. म्हणून रंग मागे होता.” आणि एकदम भडकले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “अगं, पण सगळीकडून बाहेर फेकलीस तर आत कुठून येणार? एवढं नाही कळलं तुला? चार वर्षं काय शिकवत होतो मी? अगरबत्ती का नाही लावलीस?”

“घाई होती.”

“घाई,” ते म्हणाले.

काकूंनी पेला टेबलावर ठेवला, जरा जोरातच. “अगरबत्तीचं काय घेऊन बसलात? पाच वर्षं ही गप्प बसली, त्याचं बोला.”

मला रडू येत होतं आणि ते मी येऊ देत नव्हते, कारण रडायचा हक्क माझा नव्हता. काका आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “खोटं नाही बोललीस तू. बंदच होतं सगळं. मला आठवतं.” मग माझ्याकडे बघितलं. “पण मी तुला विचारलं होतं, बेटा.”

मी म्हटलं, “हो.”

ते खुर्चीच्या दांड्यांना धरून उठले. भिंतीपाशी गेले, रेग्युलेटरचं बटण उजवीकडे-डावीकडे फिरवून बघितलं, कान लावला. मग काकूंना म्हणाले, “त्या इलेक्ट्रिशियनला फोन कर. येऊ नको म्हणावं.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

“अगं, कर ना. आणि मेन स्विच बंद कर. माझा पेचकस कुठे ठेवला आहेस?”

पेचकस कपाटाच्या वर होता, पिशवीत गुंडाळून. काकूंनी स्टूल ओढलं. काकांनी एका पायाने ते दाबून पाहिलं, डुगडुगत होतं. आपसूक मी पुढे झाले आणि म्हटलं, “काका, मी धरते.”

“तू नको,” ते म्हणाले. “ही धरेल.”